अर्ध्या बोनसचे मैल

इस्राएलला जाऊन आले म्हटलं की ठाण्यात मला लोक दोनच प्रश्न विचारतात. आमच्या सिनेगॉगमधले विचारतात, "कोतेलच्या भिंतीला हात लावलास का?" आणि सोसायटीतले विचारतात, "तिकडे फार भीती वाटत असेल, नाही?" दोघांनाही मी हो म्हणते आणि चहा ठेवायला उठते. खरं सांगायचं तर त्या सोळा दिवसांत मी यरुशलेम पाहिलं अर्धा दिवस, समुद्र पाहिला एक संध्याकाळ, आणि उरलेला बराचसा वेळ एका विमान कंपनीच्या मैलांची चर्चा ऐकली. ज्यांना तो देश समजून घ्यायचा आहे त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी लिखाण वाचावं. मी जे पाहिलं ते माझ्याच घरातलं होतं, फक्त ते बघायला एवढं लांब जावं लागलं.

मी मोझेल. ठाण्यातल्या एका इस्पितळात छत्तीस वर्षं सिस्टर होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना गावात शनवार तेली म्हणत. माझा एकुलता एक भाऊ सॅम्युअल, मी त्याला भाऊच म्हणते, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बासष्ट साली तो बायकोला, फ्लोरावहिनीला, घेऊन इस्राएलला गेला, तो परत आला नाही. एकदाही नाही. पुढच्याच वर्षी आई गेली, तेव्हाही नाही. मी वीस वर्षांची होते. आईमागे कदीश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायला पोटचा मुलगा हजर नव्हता, तो शेजाऱ्यांच्या मुलानं म्हटला. आम्हा लोकांत यापेक्षा मोठी नामुष्की नाही. पुढे पत्रं आली, फोन आले, फोटो आले. मी उत्तरं दिली, पण ती एक गोष्ट मनातून काही जाईना.

दोन हजार सात सालच्या ऑक्टोबरात भाऊच्या मुलाचा, अवीचा, तेल अविवहून फोन आला. म्हणाला, वडिलांची मूत्रपिंडं थकली आहेत, ते तुझी आठवण काढतात, एकदा ये. मी चौसष्ट वर्षांची होते आणि तोपर्यंत कधी विमानात बसले नव्हते. नोव्हेंबरचं तिकीट काढलं.

मुंबई, मग लोदचा विमानतळ

विमानात बसण्याआधीच माझी वरात निघाली. तपासणीला एक तरुण इस्राएली मुलगी होती. बॅग कुणी भरली, कुणी काही दिलं का, इतकी वर्षं भावाकडे का नाही गेलीस, असं ती एकामागून एक विचारत होती. शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, "ते तूच त्याला विचार." तिला ते मुळीच आवडलं नाही. मग तिनं बॅगेतून दोन किलो आमसुलं बाहेर काढली. काळे, चामड्यासारखे तुकडे! ही काय वस्तू आहे, कशाला वापरतात, याच्यावर तीन माणसांची बैठक बसली. मी एक तुकडा तोंडात टाकून दाखवला. त्या मुलीलाही दिला. तिचं तोंड असं काही वाकडं झालं की त्यानंतर मला कुणी अडवलं नाही.

लोदच्या विमानतळावर अवी घ्यायला आला होता. चव्वेचाळीस वर्षांचा, टक्कल पडायला लागलेला, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. मला "दोदा" म्हणाला, म्हणजे आत्या. त्याला मराठी पूर्ण कळतं, बोलता मात्र येत नाही. मी मराठीत बोलायचं, त्यानं अर्ध्या हिब्रूत आणि अर्ध्या इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं ठरून गेलं. गाडी रस्त्याला लागली नाही तोच त्यानं सांगितलं, "दोदा, मी अब्बाला इंडियाला पाठवणार आहे."

मी म्हटलं, "कधी?"

"मैल झाले की."

तेल अविव

अवी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि महिन्या-दोन महिन्यांनी अमेरिकेला जातो. जितका प्रवास होतो तितके मैल विमान कंपनी त्याच्या नावावर जमा करते, आणि ते पुरेसे साठले की एक तिकीट फुकट मिळतं. असले मैल त्यानं चार वर्षं साठवले होते. मुंबईचं जायचं-यायचं तिकीट काढायला अगदी थोडे कमी पडत होते. पण कमी पडणारे मैल विकतही मिळतात, हे ज्ञान मला त्याच्या बाल्कनीत सकाळच्या न्याहरीला झालं. न्याहरी म्हणजे बारीक चिरलेली काकडी, टोमॅटो, चीज आणि पाव. सकाळी आठ वाजता कोशिंबीर खाणारे लोक मी प्रथमच पाहत होते.

"मग घे ना विकत," मी म्हटलं.

अवी हसला. मला समजावून सांगायला त्यानं कागद घेतला. कंपनीचा सेल चालू होता. येत्या शनिवारपर्यंत मैल विकत घेतले तर वर निम्मे बोनस. पण त्याचा अंदाज असा होता की डिसेंबरात, ख्रिसमसच्या सुमाराला, हीच कंपनी घेतले तितकेच वर फुकट देईल. गेल्या वर्षी दिले होते. त्याच्या आदल्या वर्षीही दिले होते. मग अर्ध्या बोनसवर आज कोण घेणार?

"फ्रायर," त्यानंच उत्तर दिलं.

हा शब्द मी त्या सोळा दिवसांत इतक्यांदा ऐकला की आता झोपेतही आठवतो. फ्रायर म्हणजे ज्याला दुसऱ्यानं सहज गुंडाळलं असा भोळसट. त्या देशात माणूस रागीट असलेला चालतो, उद्धट असलेला तर फारच चालतो, पण फ्रायर असलेला चालत नाही. रांगेत पुढे कुणी घुसलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर फ्रायर. दुकानात सांगितलेली किंमत दिलीत, तर फ्रायर. मला हसू आलं, कारण आमच्याकडे साडी घेताना पहिल्या दुकानात न घेणारी, दिवाळी उलटून भाव उतरेपर्यंत वाट बघणारी मीच. अवी माझाच भाचा शोभत होता.

त्याची बायको ओरीत स्वयंपाकघरातून ओरडली. तिचे आईवडील मोरोक्कोचे, आवाज खणखणीत. तिचं म्हणणं अवीनं मला भाषांतर करून सांगितलं नाही, पण कळायचं ते कळलं: म्हाताऱ्याला साधं पैसे भरून तिकीट काढून दे आणि मोकळा हो. अवीचा चेहरा पडला. चार वर्षं तो सगळ्यांना सांगत होता की अब्बा माझ्या मैलांवर जाणार. आता पैसे भरून तिकीट काढणं म्हणजे चार वर्षं वाया गेल्याची कबुली.

मित्स्पे रामोन

बुधवारी मी बसनं दक्षिणेला, भाऊच्या गावी, गेले. बेअर शेव्हाला बस बदलली. शेजारी एक सैनिक मुलगी येऊन बसली, मांडीवर बंदूक ठेवली, आणि पाच मिनिटांत माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली. आपल्याकडे बसमध्ये परक्या बाईच्या खांद्यावर कुणी झोपलं तर आपण सरकून बसतो. मी सरकले नाही, कारण सरकले असते तर बंदूक माझ्या पायावर पडली असती. बाहेर झाड नाही, पाणी नाही, फक्त फिकट पिवळे डोंगर. या भाजक्या ओसाडीसाठी माझ्या भावानं अलिबागची वाडी सोडली, हे मला अजून पटलेलं नाही.

स्टॉपवर भाऊ उभा होता. मी त्याला ओळखलं ते उभं राहण्यावरून. आमचे बाबा असेच एका पायावर भार टाकून उभे राहायचे. त्र्याहत्तर वर्षांचा, वाळलेला, घोटे सुजलेले. माझी बॅग उचलायला वाकला आणि त्याला उचलता आली नाही.

"काय गो मोझू," तो म्हणाला, "म्हातारी झालीस."

"आणि तू काय घोड्यावर बसलायस?"

मग आम्ही दोघंही रडलो. रस्त्यातच. एक भल्यामोठ्या शिंगांचं रानबोकड फुटपाथवरून आमच्याकडे बघत उभं होतं. त्या गावात ही जनावरं कुत्र्यांसारखी मोकळी हिंडतात, लोकांच्या कुंड्यांतली झाडं खातात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही.

भाऊ चाळीस वर्षं विवरातल्या मातीच्या खाणीवर मशीन चालवत होता. गावाला लागूनच जमीन एकाएकी संपते आणि खाली मैलोन् मैल पसरलेलं विवर दिसतं, त्यातच ही खाण. फ्लोरावहिनी आठ वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून दोन खोल्यांत तो एकटाच. त्याची मराठी मात्र जशी नेली तशीच्या तशी राहिली होती, बासष्ट सालच्या मुंबईची. फ्रीजला तो "बरफाचा कपाट" म्हणायचा, सिनेमाला "बायस्कोप". मुंबईत आता ट्राम धावत नाही, हे त्याला खरंच वाटेना. माझी आमसुलं बघून त्यानं ती हुंगली, आणि लगेच डब्यातलं नारळाचं दूध काढून माशाची आमटी करायला घेतली. मासा कुठला होता देव जाणे, त्याला चव नव्हती. आम्ही दोघं मिटक्या मारत जेवलो.

गुरुवारी औषधांचा डबा आवरताना मला आरोग्यकेंद्राचा कागद सापडला. अक्षरं हिब्रू, पण आकडे इंग्रजी. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन. मागच्या तीन महिन्यांचे तीन रकाने. छत्तीस वर्षं मी असले कागद वाचले आहेत. आकडे ज्या चालीनं चढत होते त्या चालीनं तो फार तर दोन महिन्यांत डायलिसिसच्या मशीनवर जाणार होता. प्रवास करायचा तर या महिन्यात, नाहीतर नाहीच. मी कागद वाचत होते तेव्हा भाऊ समोर खुर्चीत बसून बोरं खात होता. मी कागद घडी करून परत ठेवला.

"काय बोलतो कागद?" त्यानं विचारलं.

"औषधं वेळेवर घे, एवढंच."

त्या दुपारी त्यानं मला सांगितलं की इंडियाला त्याला कशासाठी जायचंय. ब्याऐंशी साली अवी सैन्यात होता, लेबनॉनला. तीन आठवडे त्याची खबर नव्हती. तेव्हा भाऊनं एलियाहू हनाबीला, आमच्या प्रेषिताला, नवस केला होता, की पोरगा जिता परत आला तर खंडाळ्याला येऊन मलिदा करीन. खंडाळा म्हणजे घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं. तिथल्या कातळावर एलियाहूच्या रथाच्या घोड्याची खूण आहे अशी आमची श्रद्धा. गुळाचे पोहे, ओलं खोबरं, फळं मांडून तिथे नवस फेडायचा. अवी धडधाकट परत आला. नवसाला पंचवीस वर्षं झाली.

"अरे, मलिदा तू इथं दरवर्षी करतोस ना?"

"करतो. पन नवस तिथला हाय. इथला करून तो फिटत नाय. मला झोप लागत नाय गो मोझू."

शुक्रवार

शुक्रवारी दुपारी अवी, ओरीत आणि त्यांची मुलगी नोआ शबाथसाठी, म्हणजे शनिवारच्या विसाव्यासाठी, आले. नोआ एकवीस वर्षांची, नुकतीच सैन्यातून सुटलेली, हसरी, आजोबांच्या गळ्यात पडणारी. अवीनं आल्याबरोबर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि भिंतीतली वायर जोडली. सूर्य मावळायच्या आत ठरवायचं होतं, कारण एकदा मेणबत्त्या लागल्या की त्या घरात लेखणीलाही हात लागत नाही, मग कॉम्प्युटर तर सोडाच. आणि सेल शनिवारी संपणार होता.

सगळेच एकदम बोलायला लागले. इस्राएलमध्ये चर्चा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आपल्याकडे याला भांडण म्हणतात आणि शेजारी सोडवायला येतात. इथं शेजारी आला तो मत द्यायला. शेजारचा म्हातारा दारातूनच ओरडला की अर्ध्या बोनसवर घेणारा फ्रायर, आणि निघून गेला. ओरीत म्हणत होती, घे आणि संपव. नोआ म्हणत होती, घे बाबा, सबाला, म्हणजे आजोबांना, जायचंय. अवी डिसेंबर सोडायला तयार नव्हता. भाऊ कोपऱ्यात पांढरी टोपी घालून बसला होता. स्वतःसाठी काही मागायची त्याला सवयच नाही.

शेवटी अवी माझ्याकडे वळला. "दोदा, तू हॉस्पिटलमधली. तू सांग. एक महिना थांबलं तर अब्बाच्या तब्येतीला चालेल ना?"

स्वयंपाकघरात पुलाव झाकला होता, त्याचा वास येत होता.

मी जे केलं ते मला जसंच्या तसं लिहायचं आहे. माझ्या डोळ्यांसमोर ते तीन रकाने होते. उत्तर मला ठाऊक होतं. आणि त्याच वेळी माझ्या मनात आलं, की मी आणि आईनं याची किती वाट पाहिली. आई शेवटचे नऊ दिवस दाराकडे बघत पडली होती. यानं एक महिना वाट बघितली तर काय आभाळ कोसळणार आहे? एक महिना. त्याला एकदा तरी कळू दे.

"थांबा," मी म्हटलं. "महिन्यानं काय बिघडतं? सेल काय, पुन्हा लागेल."

अवीनं टेबलावर थाप मारली. "बघा! हिला कळतं!"

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मोझू बोलते ना, मंग थांबू." अवीनं लॅपटॉप मिटला. ओरीतनं मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला. भाऊनं भिजवलेल्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शबाथची प्रार्थना, म्हटला, ठाण्यात बाबा म्हणायचे त्याच चालीवर.

शनिवार

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून भाऊ आणि मी विवराच्या कडेपर्यंत चालत गेलो. दहा मिनिटांची वाट, आम्हाला अर्धा तास लागला. कडेला बाकावर बसलो. खाली रंगीत माती, तांबडी, जांभळी, पिवळी, आणि माणसाचा कुठे मागमूस नाही. पाहण्यासारखी जागा आहे, ते नाकारत नाही.

मी त्याला चव्वेचाळीस वर्षांनी विचारलं, "आईला का नाही आलास?"

मला वाटलं होतं तो म्हणेल पैसे नव्हते. पत्रात तेच लिहिलं होतं. पण तो म्हणाला, "रजा मिळाली होती. खाणीच्या ऑफिसनं तिकिटाची सोय केली होती. तार चार दिवस माझ्या खिशात होती."

"मग?"

"गेलो असतो तर परत आलो नसतो गो. तवा इथं काय होता? पाण्याचा टँकर आणि वाळू. रोज रडायचो मी. तिथं आईचा घर बघितला असता, तुला बघितला असता, तर पाय निघाला नसता. आणि फ्लोरा इथं, अवी पोटात. म्हनून नाय आलो. घाबरलो मी. आईला घाबरलो असा समज."

मी चव्वेचाळीस वर्षं त्याला कंजूष समजत होते. कोरडा समजत होते. तो ठाण्यातल्या बावीस पायऱ्यांच्या आमच्या घराला घाबरला होता. मला त्याचा राग यायचा थांबला, असं म्हणता येणार नाही. पण त्यापेक्षा मला माझी भीती वाटली. काल मी काय बोलले?

शबाथ लवकर संपला, साडेपाचच्या आतच. आकाशात तीन चांदण्या दिसल्या, भाऊनं लवंगांची डबी सगळ्यांना हुंगायला दिली, हवदाला, म्हणजे शबाथचा निरोप, झाला. सेलची वेळ अमेरिकेच्या घड्याळावर होती, हे शुक्रवारच्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणजे अजून कितीतरी तास हातात होते. मी अवीला म्हटलं, "उघड तो लॅपटॉप. आत्ताच घे मैल."

"आत्ता? काल तर तूच म्हणालीस थांबा."

"काल चुकले मी."

"काय चुकलं? तेच बरोबर होतं. दोदा, तू आता मनानं बोलतेयस, काल डोक्यानं बोललीस."

त्या क्षणी मी एकच गोष्ट करायला हवी होती. डब्यातून तो कागद काढायचा आणि टेबलावर ठेवायचा. पण तो दाखवला तर कालही मला माहीत होतं हे सांगावं लागलं असतं. नोआ समोर बसून आजोबांच्या पायाला तेल लावत होती. मी काय केलं? पर्समधून माझे पैसे काढले. म्हटलं, साधं तिकीट काढ, पैसे माझे.

भाऊ पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला. "बहिणीच्या पैशानं नवस? ते पैसे आत ठेव. माझ्या घरातला नवस माझ्या घरातूनच फिटंल." हे आमच्यात खरंच असं आहे, लग्न करून दिलेल्या बहिणीचं घेत नाहीत, माझ्यासारख्या बिनलग्नाच्या बहिणीचं तर नाहीच. मग अवीकडे वळून तो हिब्रूत काहीतरी बोलला, आणि अवीनं खांदे उडवले. मी विचारलं काय म्हणाला. अवी म्हणाला, "म्हणतात, दोदानं सांगितलं तेच करायचं. थांबायचं."

यरुशलेम

परतायच्या आधी अवी मला यरुशलेमला घेऊन गेला. गर्दीतून वाट काढत बायकांच्या बाजूनं कोतेलच्या भिंतीपाशी पोचले. लोक चिठ्ठ्या लिहून दगडांच्या फटींत खुपसतात. शेजारच्या बाईनं मला कागद दिला, पेनही दिलं. मी पंधरा मिनिटं उभी होते. भाऊला बरं कर, असं लिहायला घेतलं तर हात पुढे जाईना. जे माझ्या एका वाक्यानं झालं असतं ते मी देवावर ढकलत होते. कागद कोराच घडी करून पर्समध्ये टाकला. बाहेर आल्यावर अवीनं गरम फलाफल, म्हणजे चण्याची गोल भजी, घेऊन दिलं. दुकानदारानं सांगितलेल्या किमतीवर त्यानं घासाघीस केली आणि दोन गोळे जास्तीचे मिळवले. दिवसभर तो त्याच खुशीत होता.

ठाणे

मी नोव्हेंबरच्या अखेरीला परत आले. डिसेंबरात अवीची ईमेल आली, शेवटी चार उद्गारचिन्हं. सेल लागला होता. घेतले तितकेच मैल वर फुकट. त्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. त्यानं मैल घेतले, आणि तिकीट काढायला बसल्यावर त्याला कळलं की मैलांवर द्यायच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच असतात. आणि हिवाळ्यात अर्धा इस्राएल गोव्याला जातो. पहिली मोकळी जागा मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भाऊला मशीनवर घेतलं. मी ठाण्यात तीन ठिकाणी हिंडून त्याच्यासाठी डायलिसिसची वेळ धरून ठेवली, जुन्या ओळखी सगळ्या वापरल्या. पण तोवर हृदयावरही परिणाम झाला होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला. मैल वाया जाऊ नयेत म्हणून मार्चचं ते तिकीट नोआनं घेतलं. मैत्रिणींबरोबर गोव्याला गेली. जाताना एक दिवस माझ्याकडे राहिली. गुणी पोर आहे. मी म्हटलं, खंडाळ्याला नेते, अलिबाग काही लांब नाही. म्हणाली, पुढच्या वेळी, दोदा, मैत्रिणी थांबल्यात. वरून अवीचा फोन आला की बघ, एक पैसाही फुकट गेला नाही.

आठवड्यातून तीन दिवस भाऊला व्हॅनमधून बेअर शेव्हाला नेतात. चार तास तो मशीनला जोडलेला असतो, तेव्हा मी त्याला फोन करते. एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, मी त्याला सांगून टाकलं. बोलायचं किती दिवस ठरवत होते, पण बोलले ते एका दमात. भाऊ, तो कागद मी वाचला होता. मला कळलं होतं. मी मुद्दाम थांबा म्हटलं. आईसाठी म्हटलं.

फोनमध्ये मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"ठाव होता मला," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"तू कागद वाचत होतीस तवा मी तुझा तोंड बघत होतो. मला हिब्रू वाचता येतो, मोझू. डॉक्टरनं मलापन सांगितला होता, नोव्हेंबरात जा, नायतर विसर. मला वाटला, बघू ही काय बोलते. तू बोललीस थांबा. मंग मी बोललो बरोबर हाय. आई थांबली, तू थांबलीस. आता माझा नंबर."

पलीकडून नर्सनं त्याला हिब्रूत हटकलं, ते न कळताही मला कळलं. मी स्वतः शेकडो रोग्यांना तेच सांगितलं आहे, हात हलवू नका म्हणून. भाऊ म्हणाला, फोन ठेवतो गो, अजून तीन तास हायेत.